झाकण उघडू नये

माझ्यावर त्यांनी लिहिलेला पहिला शेरा असा होता: "भाडेकरू चपला उंबऱ्याच्या उजवीकडे काढतो. कारण समजले नाही." मी खोलीत सामान टाकून जेमतेम दोन तास झाले होते. संध्याकाळी चहाला बोलावलं म्हणून पुढच्या ओसरीत गेलो, तर टेबलावर लाल कापडी बांधणीचं जाडजूड शेरेबुक उघडं पडलेलं आणि त्यात ही ओळ. शाई अजून ओली होती. मी चपला डावीकडे ठेवून आलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि खाली लिहिलं, "सुधारणा दिसते."

घाटावरून नोकरीसाठी जव्हारला आलेला मी नवखा मास्तर. माझे हे घरमालक निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी. सगळं गाव त्यांना 'साहेब' म्हणे, म्हणून मीही साहेबच म्हणायला लागलो. तीस वर्षं त्यांनी जव्हार आणि मोखाड्याच्या डोंगरातल्या शाळा तपासल्या होत्या. ते येताहेत अशी बातमी लागली की वाड्यापाड्यांवरचे गुरुजी पोरांची नखं कापत बसत. सरकारने त्यांना निवृत्त केलं, पण तपासणी काही निवृत्त झाली नाही. शाळेचं शेरेबुक सुटलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या खर्चाने घरचं बांधून घेतलं, आणि मग त्यातून काहीच सुटेना. दूधवाला, पोस्टमन, शेजारच्यांच्या मुलीचं लग्न, सगळ्यांची नोंद. त्या लग्नावरचा शेरा मी स्वतः वाचलाय: "अंतरपाट वेळेपूर्वी दूर झाला. भटजींना समज दिली."

संध्याकाळी ते गावाजवळच्या शिरपामाळावर फिरायला जात. तिथे मुंबईहून, नाशकाहून पाहुणे आलेले असत. त्यांना गाठून साहेब विचारत, "शिवाजी महाराजांचा मुक्काम इथं पडला, तो कुठं जाताना?" उत्तर आलं नाही तर म्हणत, "वाचून या, मग फोटो काढा." आणि खरोखर कॅमेऱ्यासमोर हात आडवा धरून उभे राहत. एकदा एका बाईंनी उलट विचारलं की तुम्ही इथले रखवालदार का? त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पर्यटकांवर अख्खं पान लिहिलं.

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे, कारण प्रत्येक वाद ते एकाच प्रश्नाने मिटवत: "छापलेलं आहे का?" माझ्या खोलीचं छप्पर गळायला लागलं तेव्हा मी तक्रार घेऊन गेलो. त्यांनी भाडेकराराचा कागद काढला, दोन्ही बाजूंनी वाचला आणि म्हणाले, "छप्पर गळणार नाही असं कुठं छापलेलं आहे?" मी खाली बादली ठेवली. दुसऱ्या दिवशी बादलीवर शेरा होता.

शेऱ्यांची त्यांची एक उतरंड होती. असमाधानकारक, साधारण, बरे, समाधानकारक. त्याच्या वर 'उत्तम' आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण तीस वर्षांत ते त्यांनी एकाही शाळेला, एकाही गुरुजीला दिलेलं नव्हतं. "उत्तम लिहिलं की माणूस काम थांबवतो," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पत्नी मी यायच्या आधीच वारल्या होत्या. भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो होता. त्या फोटोखाली शेरा नव्हता, एवढंच काय ते.

त्यांच्या जेवणाचं शुक्रीबाई पाही. जामसरकडच्या एका वाडीवरची ही बाई सहा वर्षं रोज सकाळी उजाडायच्या आत निघून, जीपला लटकून, जीप चुकली तर चालत येई आणि नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकऱ्या, भात, आमटी करून दुपारी परत जाई. तिच्या बोलीत थोरामोठ्याला अहो-जाहो नाही. साहेबांनाही ती सरळ 'तू' म्हणे. तीस वर्षं पोरांचं 'नाय' पुसून 'नाही' लिहायला लावणाऱ्या या माणसाने तिच्यापुढे मात्र हात टेकले होते. तिची भाकरी अशी पातळ आणि मऊ असे की मी घाटावरचा ज्वारी खाणारा माणूस नागलीचा झालो. साहेबांचा शेरा सहा वर्षं कायम: "भाकरी: साधारण." हे साहेब मूळचे मोखाड्याकडच्या पोशेऱ्याचे. त्यांचे वडील डोंगरउतारावर भात आणि नागली पिकवत. पण कुणी विचारलं तर साहेब म्हणत, "आमच्याकडे पूर्वीपासून गहू."

त्यांची मुलगी अमेरिकेत होती. तिने एका वैशाखात कुणाच्या तरी हाती पाव करायचं यंत्र पाठवलं. पांढरी पेटी, वर काचेचं झाकण, आत पातेलं, पातेल्याच्या तळाशी फिरणारं एक छोटं पातं. शिवाय तिकडची वीज वेगळी म्हणून सोबत एक वजनदार काळी पेटी. पीठ, पाणी, मीठ, साखर, यीस्ट आत टाकायचं, बटण दाबायचं, की मळणं, फुगवणं, भाजणं सगळं यंत्रच करतं. साडेतीन तासांनी पाव तयार. मुलीने पत्रात लिहिलं होतं, "बाबा, आता बाईच्या येण्याजाण्यावर अवलंबून राहायला नको."

साहेबांनी यंत्राचं स्वागत बदलून आलेल्या गुरुजीसारखं केलं. शेरेबुकात नोंद झाली, "यंत्र आज सकाळी हजर झाले. वर्तन शांत." ओसरीत स्वतंत्र टेबल, समोर खुर्ची. मग दोन दिवस खपून त्यांनी यंत्राच्या इंग्रजी पुस्तिकेचं मराठी भाषांतर केलं आणि ते सुवाच्य अक्षरात भिंतीवर डकवलं. अकरा कलमं. ओल्या हाताने हाताळू नये. पडद्याजवळ ठेवू नये. लहान मुलांस जवळ येऊ देऊ नये. आणि कलम सात: यंत्र चालू असता झाकण उघडू नये. मी वाचलं आणि मनात आलं, या बिचाऱ्या यंत्राने करायचं तरी काय?

पहिला पाव उपडा केला तेव्हा टेबल हललं. साहेबांनी फूटपट्टी लावली. "पाव क्रमांक एक: उंची अपुरी. वृत्ती कठीण." तिसऱ्याचा मधला भाग कच्चा निघाला. चौथ्यावर लिहिलं, "डोके खचले. समज दिली." म्हणजे त्यांनी खरंच यंत्रासमोर उभं राहून समज दिली. मी खोलीतून ऐकत होतो. सहाव्याच्या वेळी मधेच वीज गेली. वीज आल्यावर यंत्र मागचं सगळं विसरून पुन्हा पहिल्यापासून मळायला लागलं. त्यांनी त्याला कारणे दाखवा नोटीस लिहिली आणि काळ्या पेटीखाली ठेवली. गिरणीवाल्याकडून पिठाच्या शुद्धतेबद्दल लेखी मागितलं, तेव्हा त्याने यापुढे त्यांचं दळण घ्यायचंच नाकारलं. बिघडलेला प्रत्येक पाव शेजारच्या म्हशीला जाई. म्हैस खाऊन खूश होती.

खूश नव्हती ती शुक्रीबाई. "गव्हाचा पीठ म्हशीला," ती मला म्हणे, "अन् याला काय वाटत नाय."

ज्येष्ठात तिचं एक काम निघालं. त्या आधी शाळेतल्या पोरांना घरी न्यायला तांदूळ मिळत. आता खिचडी शाळेतच शिजवून वाढायची असा हुकूम आला होता, आणि शुक्रीबाईच्या वाडीवरच्या शाळेला स्वयंपाकीण हवी होती. शाळा तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. जीपला लटकणं सुटणार होतं, दिवसभर आपल्या घरादाराजवळ राहता येणार होतं. पण गावातल्या एका वजनदार माणसाच्या भावजयीनेही अर्ज केला होता. शाळेचे हेडमास्तर तिला म्हणाले, "साहेबांची दोन ओळींची चिठ्ठी आण. त्यांच्या अक्षरापुढे शाळेच्या समितीत कुणी बोलणार नाही." बाईने मला मध्ये घातलं.

मी गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं. "काय लिहू? स्वयंपाक साधारण?"

"साधारण लिहिलंत तर जागा जाईल, साहेब."

"मग खोटं लिहू?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "असं करू. हल्ली यंत्र सुधारणेच्या मार्गावर आहे. तिने कलमं पाळली, यंत्रात ढवळाढवळ केली नाही, तर श्रावणात समिती बसेल तेव्हा मी तिच्या शिस्तीबद्दल चांगलं लिहीन. तेही पाहून."

मी हे बाईला सांगितलं. तिने मान हलवली. आणि पुढच्याच पावापासून तिने नेमकी ढवळाढवळ सुरू केली.

साहेब आठवड्यातून दोनदा, सकाळी आठला, बटण दाबत आणि अंघोळीला जात. अंघोळीला त्यांना बरोबर बारा मिनिटं लागत. माझ्या खोलीची खिडकी ओसरीत उघडते, म्हणून मला सगळं दिसे. न्हाणीचं दार लागलं की शुक्रीबाई यायची, यंत्राचं झाकण उचलायची, पात्याबरोबर गरगरणाऱ्या गोळ्याला एक बोट लावायची. कधी चिमूटभर पीठ, कधी ओंजळीतून चार थेंब पाणी. मग झाकण बंद. एवढंच नाही. गॅसवरच्या फळीवर उष्णतेत मरत पडलेली यीस्टची पुडी तिने उचलून फ्रिजमध्ये दुधामागे ठेवली आणि लागेल तेवढंच यीस्ट आदल्या दिवशी फळीवर काढून ठेवायला लागली. पीठ बारीक चाळणीने चाळायला लागली. साहेब माठाचं गार पाणी मोजून ठेवत, ते ओतून ती तेवढंच कोमट पाणी भरून ठेवी.

"तुला हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"शिकवायचा काय त्याच्यात? नागलीला पण पाणी बघूनच घालावा लागता. पावसाचा पीठ ओला असता, त्याला पाणी कमी लागता. हा दर येळी तेवढाच मोजून घालतो." तिने स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरली. "गोळा असा लागला म्हंजे झाला. चिकटला त पीठ, फाटला त पाणी."

"आणि तुझी चिठ्ठी? त्यांना कळलं तर?"

"मग काय करू? दर येळी येवढा पीठ वाया जाताना बघत बसू?"

त्याच सुमारास साहेब बाजारात गेले असताना मी ती मूळ इंग्रजी पुस्तिका चाळली. बाई करत होती ते सगळं त्यात होतं. अगदी स्पष्ट. साहेबांनी पुस्तिकेतलं फक्त मनाईचं प्रकरण भाषांतरित केलं होतं. त्यांच्या लेखी सूचना म्हणजे तेवढंच. पुढची चाळीस पानं, ज्यात पाव कसा करावा हे होतं, ती त्यांनी उघडलीच नव्हती. हे मला त्यांना सांगता आलं असतं. मी मूग गिळून बसलो. खोली स्वस्त होती, शाळेजवळ होती, आणि जव्हारात दुसरी मिळत नव्हती. याची मला आजही लाज वाटते.

पाव फुगायला लागले. वरचा पापुद्रा खरपूस, आत जाळी. साहेब फूटपट्टी लावत आणि पुन्हा लावून बघत. "बरे" झालं, "समाधानकारक" झालं. आणि पाव क्रमांक एकोणीसवर, मी डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी बराच वेळ पेन हवेत धरलं आणि लिहिलं: "उत्तम." तीस वर्षांत पहिल्यांदा, तेही यंत्राला. पुढच्या पाच पावांनाही उत्तम मिळालं. माणूस बदलून गेला. मुलीला पत्र गेलं, "यंत्रास केवळ शिस्त हवी असते." बाजारात माणसं थांबवून ते पावाची उंची सांगू लागले. शेवटी त्यांनी श्रावणातल्या एका रविवारी प्रात्यक्षिक ठेवलं. दोन निवृत्त गुरुजी, मी, आणि शुक्रीबाईच्या वाडीवरच्या शाळेचे ते हेडमास्तर, एवढी मंडळी. सोमवारी समितीची बैठक होती. साहेब बाईला म्हणाले, "पाव झाला की चिठ्ठी लिहितो."

रविवारी तीन दिवसांचं धुकं दारात येऊन बसलं होतं. भिंती घामेजल्या होत्या, काडेपेटी पेटत नव्हती. साहेबांनी अंघोळ आधीच उरकून घेतली होती. नवं धोतर नेसून त्यांनी सगळ्यांसमोर कपाने मोजून माप घातलं, बटण दाबलं आणि यंत्रासमोरच्या खुर्चीत बसले. उठेनात.

शुक्रीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पाच मिनिटं ती नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "साहेब, झाकण उघडू दे. गोळा पातळ झालाय."

"तुला तिथून दिसलं?"

"आवाज येतो ना. चपचप करतो."

"कलम सात," साहेब पाहुण्यांकडे पाहून हसले.

"माला वाचता येत नाय, तुला माहीत हाय. आता उघडला नाय त पाव बसल."

"चोवीस पाव झाले. एकदाही झाकण उघडलेलं नाही."

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेरच्या धुक्याकडे पाहिलं. तेव्हा तीच बोलली. "दर येळी मीच त उघडते. तू न्हाणीत जातस तवा. येवढा पीठ वाया नको जाऊ दे, साहेब."

साहेब रागावतील, ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी शेरेबुक ओढलं, मागची पानं उलटली आणि एकोणीसपासून चोवीसपर्यंतची सहाच्या सहा उत्तमं एकेक करून खोडली. प्रत्येकापुढे लिहिलं, "अनधिकृत हस्तक्षेप. रद्द." खाली सही केली. सहा वेळा सही. पाहुणे बघत बसले. तोवर यंत्राचं मळणं थांबलं आणि काचेतून सैल, चकचकीत पीठ तळाशी पसरलेलं दिसायला लागलं.

पाव व्हायला अजून तीन तास होते. हेडमास्तरांनी वेळ घालवायला ती इंग्रजी पुस्तिका उचलली. या हेडमास्तरांवर साहेबांचा जुना शेरा होता, "वाचन कानास बरे, अर्थाशी संबंध नाही," आणि त्यापायी त्यांची एक वेतनवाढ अडली होती. ते पानं उलटत एका जागी थांबले. बोट ठेवून सावकाश वाचलं आणि मोठ्याने अर्थ सांगितला: "पहिल्या मळणीच्या वेळी झाकण उघडून गोळा बोटाने तपासावा. सैल असल्यास चमचाभर पीठ, घट्ट असल्यास चमचाभर पाणी घालावे." मग पुस्तिका उलटी करून साहेबांपुढे धरली. "छापलेलं आहे, साहेब."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतका की मी खोकल्याचं निमित्त करून खोलीत जाऊन आलो.

वीज त्या दिवशी एक क्षणही गेली नाही, नाहीतर साहेबांना तिच्यावर तरी ढकलता आलं असतं. पाव निघाला तो मधे खोल खड्डा पडलेला, खाली लापशी. साहेबांनी तो तसाच कापला आणि बशांत घालून दिला. आम्ही सगळ्यांनी तो चटणीबरोबर गिळला. हेडमास्तर बशी घेऊन स्वयंपाकघरात गेले. आमच्यापर्यंत बोलणं ऐकू येत होतं.

"बाई, साठ पोरांची खिचडी जमेल?"

"जमल की."

"पाच किलो तांदळाला पाणी किती घालशील?"

"तांदूळ बघून सांगीन. नवा हाय का जुना?"

हेडमास्तर बाहेर आले, चपला घातल्या आणि साहेबांना म्हणाले, "चिठ्ठी राहू द्या. लागणार नाही." साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

शुक्रीबाईला शाळेतली जागा मिळाली आणि ती आठवड्याने गेली. त्यानंतर महिनाभर साहेब स्वतः यंत्राशी झुंजत होते. आता पुस्तिका पूर्ण वाचली होती, झाकणही उघडत होते. पण बोट लावलं की त्यांना काही कळत नसे. त्यांनी आयुष्यात कधी पीठ मळलंच नव्हतं. गोळ्यात बोट खुपसून ते तसेच उभे राहायचे, एखाद्याची नाडी सापडत नसल्यासारखे. मग चमचाभर पीठही घालत आणि चमचाभर पाणीही. म्हशीचे दिवस परत आले. साहेब वाळले. मी दोनदा माझा खाणावळीतला डबा पुढे केला, तर "करारात नाही" म्हणाले.

एका शनिवारी त्यांनी मला सोबत घेतलं. खिशात एक कागद होता. जीपने आम्ही तिच्या वाडीवर पोचलो तेव्हा शाळेमागच्या पत्र्याखाली मोठं पातेलं रटरटत होतं, आणि शुक्रीबाई लाकडी उलथन्याने खिचडी घोटत होती. तिने आम्हाला पाहिलं, पण हात थांबवला नाही. साहेबांनी उभ्या उभ्या कागद उघडून वाचला: "कलम सात रद्द समजण्यात येत आहे. यापुढे पहिल्या मळणीच्या वेळी झाकण उघडण्यास संबंधितांस परवानगी आहे." आणि मग कागदात नसलेलं म्हणाले, "परत ये."

बाईने पूर्ण ऐकून घेतलं. "बरा झाला," ती म्हणाली. "आता तूच उघड."

ती रागाने बोलली नव्हती. साहेब कागदाची घडी घालत राहिले. घडी घालून संपेना. "जेवला नाय का तू?" तिने विचारलं. उत्तराची वाट न बघता तिने दोन थाळ्या भरल्या आणि आम्हाला पोरांच्या पंगतीच्या टोकाला बसवलं. साहेब मांडी घालून तिसरीतल्या एका पोरीशेजारी बसले आणि खाली मान घालून जेवले. मी त्यांना इतक्या घाईने जेवताना कधी पाहिलं नव्हतं. थाळी चाटून पुसून झाली. सहा वर्षं ज्या बाईच्या हातचं ते जेवले, तिच्याकडे त्यांनी कधी दुसऱ्यांदा वाढून मागितलं नव्हतं, हे तिनेच मला सांगितलं होतं. आता त्यांनी थाळी पुढे केली आणि, पोशेऱ्याच्या घरी बोलत असतील तसं, म्हणाले, "आणीक हाय का गो?"

शुक्रीबाईने पातेल्यात डोकावून पाहिलं, मग पंगतीकडे.

"थांब, साहेब. पोरांचा होऊ दे आधी. उरला त देते."

साहेब रिकामी थाळी मांडीवर धरून थांबले. पोरं एकेक करून उठत होती, पुन्हा वाढून घेत होती. मी साहेबांकडे बघायचं टाळत होतो.

त्या दिवशी उरलं नाही.